कॅरी ग्रँटच्या उमेदवारीच्या काळातील चित्रपटांचा संच

फोर्टमधील एका जुन्या दुकानातून घेतलेल्या या डीव्हीडी संचात हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट याचे पॅरामाउंट या चित्रपट स्टुडिओशी असलेल्या करारातील आरंभीचे चित्रपट आहेत. १९३२ च्या ‘ब्लाँड व्हीनस’मध्ये मार्लिन डीट्रिचसमोर आणि १९३३ च्या ‘शी डन हिम राँग’मध्ये मे वेस्टसमोर तो देखणा, पण काहीसा अवघडलेला दिसतो, १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रुथ’मध्ये विनोदाचे टायमिंग सहज साधणारा नट येथे अजून घडायचा आहे आणि ती घडण टप्प्याटप्प्याने पाहता येणे, हाच माझ्या मते या संचाचा खरा आनंद आहे. कृष्णधवल चित्र स्वच्छ आहे. सबटायटल्स मात्र नाहीत, त्यामुळे मे वेस्टचे खट्याळ, द्व्यर्थी संवाद आपल्याकडील अनेक प्रेक्षकांच्या हातून निसटतील, याची मला मनापासून हळहळ वाटते.