गातून तलाव आणि सान लोरेन्सो किल्ला: पनामातली एका दिवसाची सहल

पनामा सिटीत ही सहल बऱ्याच कंपन्या विकतात आणि आराखडा सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो. सकाळी हॉटेलवरून गाडी, गांबोआच्या धक्क्यावरून मोटरबोट, गातून तलावातली माकडांची बेटं, जेवण, दुपारी कॅरिबियन किनाऱ्यावरचा सान लोरेन्सो किल्ला. कालवा, जंगल आणि इतिहास एकाच पाकिटात कोंबलेत असं वाटतं खरं, पण तिन्हींच्या मुळाशी चाग्रेस ही एकच नदी आहे. 1913 मध्ये गातूनला तिचं पाणी अडवलं, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 26 मीटर उंचीवर तलाव झाला आणि टेकड्यांचे माथे बेटं बनून उरले. त्याआधी काही शतकं पेरूचं सोनं-चांदी याच नदीतून होड्यांनी मुखाशी यायचं. तिथेच हा किल्ला आहे, शास्त्री नदीच्या मुखावर जयगड आहे तसा. हे नीट जुळवून सांगणारा गाईड मिळाला तर पैसे वसूल.

म्हणून बुकिंग करताना दुपारचा टप्पा कोणता ते आधी विचारा. पुष्कळ जण किल्ल्याऐवजी मिराफ्लोरेसची दारं (पाणी भरून-सोडून जहाजं वर-खाली करणारे कालव्याचे कप्पे) आणि कास्को व्हिएहो हा जुना शहरभाग जोडतात. ते दोन्ही शहरालगत आहे, स्वतःचं स्वतः करता येतं. शिवाय मिराफ्लोरेसला भर दुपारी बहुधा जहाजच नसतं. सकाळचा ताफा निघून गेलेला असतो आणि समोरचा अजून यायचा असतो. किल्ल्याच्या वाटेवर आग्वा क्लारा लागतं, तिथे थांबायला सांगा. 2016 ची नवी दारं वरून दिसतात: 427 मीटर लांब, 55 मीटर रुंद कप्पे, बाजूला सरकणारे दरवाजे आणि पाणी पुन्हा वापरायचे हौद. जुन्या दारांतून एक जहाज पार व्हायला तलावातलं सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. 2023 च्या दुष्काळात रोजची जहाजं का कमी करावी लागली, ते इथे उभं राहिलं की कळतं.

बोटीचा भाग सगळ्यात उजवा, पण वेळेवर निघालात तरच. आठच्या सुमारास पाण्यात असलेली बोट घ्या. हाउलर माकडं पाला खातात, ऊन चढलं की फांदीवर आडवी होतात आणि मग नुसती काळी गाठोडी दिसतात. कॅपुचिन मात्र दिवसभर चळवळी. टॅमरिन हे माकड खारीएवढं, झुडपात पटकन हरवतं. स्लॉथ (झाडावर राहणारा अतिसंथ प्राणी) शोधायला गाईडची नजर लागते. सेक्रोपियाच्या झाडांकडे पाहत राहा.

काही नावाडी केळी ठेवतात. बोट काठाला लागली की कॅपुचिन टपावर उडी मारतं, केळं ओढतं आणि हाताशी आलं तर चष्माही. फोटो झकास येतात, पण प्रकार वाईट: माकडांना सवय लागते, चावण्याचा धोका वाढतो. "खायला घालता का?" असं आधीच विचारा, "हो" म्हणाले तर दुसरी कंपनी बघा. बारो कोलोरादो बेटावर उतरवतो असं कुणी सांगितलं तर तेही तपासा. ते स्मिथसोनियनच्या संशोधन संस्थेकडे आहे, तिथली भेट वेगळी आणि आगाऊ ठरवावी लागते.

मोठं जहाज जवळून गेलं की लाटेनं पुढची बाकं आपटतात. पाठीचा त्रास असेल तर मागे बसा; तिथे तुषार उडतात, फोन पिशवीत ठेवा. पोहण्याचा विचारही नको, तलावात मगरी आहेत.

किल्ल्याला निदान तास-दीड तास हवा. पाऊण तासात उरकणाऱ्या सहली टाळा. जानेवारी 1671 मध्ये हेन्री मॉर्गन या समुद्री लुटारूच्या माणसांनी तो घेतला, नदीनं वर जाऊन पनामा शहर लुटलं. आज दिसणारे कोरडा खंदक, तोफा, कमानदार खोल्या नंतरच्या, अठराव्या शतकातल्या. कड्याजवळ सांभाळा, ओल्या दगडावरचं शेवाळ निसरडं असतं. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. 2019 मध्ये अटलांटिक पूल झाल्यापासून कालवा ओलांडायची रखडपट्टी संपली. तरी कोलोन शहराकडची वाहतूक अडली की पहिली कात्री किल्ल्याच्या वेळेलाच लागते.

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम. एरवीही सकाळ बऱ्याचदा कोरडी जाते, पाऊस दुपारी गाठतो, म्हणजे नेमका किल्ल्यावर.

जेवणात भात, घेवडा, चिकन किंवा मासे आणि तळलेल्या कच्च्या केळ्याच्या चकत्या. शाकाहारींनी बुकिंगलाच "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस, चिकन, मासे नको) असं लिहून द्यावं, नुसतं "व्हेज" म्हटलं तर चिकन येऊ शकतं. आणि पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्या. पनामाहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसला, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं.