एक्स-शोरूममधला ‘एक्स’ शोधता शोधता स्कूटर घेतली (नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका शोरूमचा रिव्ह्यू)

आधी स्टार सांगून टाकतो, ५ पैकी साडेतीन. त्यातला अर्धा काउंटरवरच्या पोरीचा, नाहीतर तीनवरच थांबलो असतो. शोरूमचं नाव घेत नाही, कारण दीड हजारापायी कोणाच्या दुकानाची बदनामी करायची नाही आणि लेकीच्या गाडीच्या फ्री सर्व्हिसिंगही अजून तिथंच व्हायच्या आहेत.

तर झालं असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून आम्ही लेकीची स्कूटर दसऱ्यापर्यंत थांबवून ठेवली होती, आणि नवरात्रात एका संध्याकाळी मी, सौ., लेक, मेहुणा आणि सासूबाई असं अख्खं शिष्टमंडळ शोरूमात पोचलं. दारातच बोर्ड. वर एक आकडा खोडलेला, खाली मोठ्या अक्षरात ‘एक्स-शोरूम ७६,०००’. सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, “जावईबापू, एक्स म्हणजे माजी ना हो? मग ही तर जुनीच किंमत झाली, नवी कुठं लिहिली?” मेहुणा लगेच पुढं, “नाही आई, एक्स म्हणजे वगळून. शोरूमवाल्याचे स्वतःचे चार्जेस सोडून बाकी सगळं यात आलं.” लेक फिदीफिदी हसून राहिली कारण तिच्या डोक्यात एक्स म्हटलं की एकच गोष्ट येते, ती इथं सांगत नाही.

मी सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या आसपास अर्ज आणि भाषांतरं टाइप करण्यात पंचवीस वर्षं घालवलीत, त्यामुळे हा एक्स माझा रोजचा गिऱ्हाईक आहे. खरं सांगायचं तर तिघांपैकी एकही जण साफ चूक नव्हता, आणि घोळ तिथंच आहे. हा मूळचा लॅटिन शब्द. तिथं तो शब्दयोगी अव्ययासारखा सुटा पण चालायचा आणि क्रियापदाला उपसर्ग म्हणून चिकटायचा पण. मूळ अर्थ ‘च्या बाहेर’, ‘आतून’, ‘पासून’. मराठीत त्याचं काम आपण पाच वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलंय. एक्स-पार्टी ऑर्डर म्हणजे एकतर्फी आदेश, शब्दशः ‘एका बाजूकडून’. एक्स-ऑफिशिओ मेंबर म्हणजे पदसिद्ध सदस्य, पदातून आलेला. आणि एक्स-ग्रेशिया म्हणजे सानुग्रह अनुदान, कृपेपोटी दिलेलं, म्हणजे द्यायलाच पाहिजे असा कायदा नाही पण देऊन राहिलो. हे ‘सानुग्रह’ ज्यानं कोणी काढलं त्याला माझा नमस्कार, लॅटिनच्या अगदी जवळ जाऊन बसलंय.

मग ‘माजी’ कुठून आला? रोमन लोकांत एखादा कॉन्सल, म्हणजे त्यांच्या राज्यातला सगळ्यात मोठा अधिकारी, पदावरून उतरला की त्याला ‘एक्स कॉन्सुले’ म्हणायचे, कॉन्सलपदातून आलेला. पुढं ते दोन शब्द जुळून एक झाले आणि एक्सचा अर्थ ‘पूर्वीचा’ असा होऊन बसला. डिसेंबरात अधिवेशन आलं की आपल्या नागपुरात जे एक्स-एमएलए फिरताना दिसतात ते सगळे या कॉन्सलचे वारस. गंमत म्हणजे आपला ‘माजी’ पण मराठीचा नाही, तो अरबी, ‘होऊन गेलेला’ या अर्थाचा, फारसीतून आपल्या दप्तरात आला. म्हणजे माजी आमदारातला माजी अरबी आणि एक्स-एमएलएतला एक्स रोमन, मराठी माणसाच्या वाट्याला फक्त त्यांच्या गाड्यांमागचं ट्रॅफिक.

मेहुण्याचा ‘वगळून’ पण खोटा नाही. तो शेअरवाला माणूस, त्याच्याकडे एक्स-डिव्हिडंड म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेतला तर जाहीर झालेला डिव्हिडंड, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, तुम्हाला मिळत नाही तो. तिथं एक्स म्हणजे ‘विना’. बाहेर गेला म्हणजे आत नाही, इतकं सरळ.

पण शोरूमचा एक्स या दोघांतला नाही. तो व्यापाऱ्यांचा. एक्स-वर्क्स, एक्स-फॅक्टरी, एक्स-गोडाऊन, म्हणजे माल त्या जागेवरून उचलायची किंमत, पुढचं वाहतूक, विमा, टॅक्स तुमचं तुम्ही बघा. आंतरराष्ट्रीय व्यापारात अटींची जी ठरलेली भाषा आहे, इन्कोटर्म्स, १९३६ साली पहिल्यांदा छापली, तिच्यात एक्स-वर्क्स पण आहे. तर एक्स-शोरूम म्हणजे ‘शोरूमच्या दारापाशी’ गाडीची किंमत, जीएसटी धरून, दुकानदाराचं कमिशन पण त्यातच. आरटीओचा टॅक्स, नोंदणी, इन्शुरन्स दाराबाहेरचे.

हे सगळं मी काउंटरवर सांगून राहिलो होतो आणि ती पोरगी, पंचविशीची असेल, खरोखर ऐकत होती. म्हणाली, “काका, आम्हाला ट्रेनिंगमध्ये फक्त एवढंच सांगितलं की कस्टमरला ऑन-रोड विचारू द्या, आपण आधी एक्स सांगायचं.” इतका खरा सेल्सपर्सन मी पाहिला नाही. मग तिनं स्वतःहून कागदावर ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून गाडी रस्त्यावर उतरवायची किंमत, लिहून दिलं. टॅक्स ८,४००, इन्शुरन्स ६,६०० (थर्ड पार्टी ५ वर्षांचा घ्यावाच लागतो, २०१८ पासून नव्या दुचाकीला तसा नियम आहे), नोंदणी वगैरे ५००, ॲक्सेसरी किट २,८०० आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात हँडलिंग १,५००. टोटल ९५,८००.

आता दारापाशी दिलेल्या किंमतीत गाडी दारापाशी आणायचा खर्च, म्हणजे हे हँडलिंग, आलाच पाहिजे, नाहीतर मग तो एक्स कशाला लिहिला बोर्डावर? मी हेच अकाउंट्सच्या साहेबांना विचारलं, अगदी शांतपणे. साहेब म्हणाले, “सर, ते सगळ्यांनाच लागतं.” मी म्हटलं कशाचं हँडलिंग ते पावतीवर लिहून द्या. पंधरा मिनिटं बसवलं. एसीत पण घाम फुटला, सासूबाई दोनदा उठून पाणी पिऊन आल्या, मेहुणा खालच्या टपरीवर निघून गेला. मग साहेबांनी न बोलता ते १,५०० खोडले. किटमधून आम्ही फक्त ११०० चं गार्ड ठेवलं, मॅट आणि सीट कव्हर बाहेर. भरले ९२,६००.

इथं एक शब्द आठवला म्हणून सांगतो, एस्केप. त्याच्या पोटात पण हाच एक्स लपलाय, ‘एक्स’ आणि ‘काप्पा’, म्हणजे अंगावरचा झगा. पाठलाग करणाऱ्याच्या हातात झगा सोडून पळणं तो एस्केप. मी पण तसाच, सीट कव्हर त्यांच्या हातात सोडून सुटलो. आणि एक्सप्लोड त्याहून भारी, त्यातला दुसरा तुकडा टाळ्यांचा, रोमन थिएटरात वाईट नटाला टाळ्या वाजवून, हुर्यो करून स्टेजवरून हाकलायचे ते एक्सप्लोड. बॉम्ब फार नंतर आला. अकाउंट्सच्या काउंटरवर हे करायची माझी फार इच्छा झाली होती पण लेकीनं हात धरला. (एक्स-रे यात धरू नका हं, तो एक्स गणितातला, अज्ञात किरण म्हणून १८९५ साली रोंटगेननं दिलेला.)

डिलिव्हरी दसऱ्यालाच पाहिजे होती, पण त्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, आजूबाजूचे रस्ते माणसांनी फुललेले, हे शोरूमवाल्यांनी आधीच सांगितलं आणि सकाळी साडेसातची वेळ दिली. हे मला आवडलं. नऊच्या आत गाडी घरी. नंबरप्लेट लावून तयार, हार घातलेला, हेल्मेट दिलं, पेढ्याचा बॉक्स दिला (पेढे जरा कोरडे होते). ती पोरगी सुट्टीच्या दिवशी पण हजर. डाव्या आरशाचा स्क्रू ढिला होता, तो घरी आल्यावर कळला, मग मीच पान्यानं आवळला. आरसी पोस्टानं तिसऱ्या आठवड्यात आली.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा बोर्डावर एक्स-शोरूमच्या खाली पेननं ‘ऑन-रोड वेगळे’ असं लिहिलेलं दिसलं, अक्षर त्या पोरीचंच वाटलं. सर्व्हिसिंग ठीक. ऑइलचे पैसे लागले, लेबर फ्री. गाडी पाचला देतो म्हणाले आणि पावणेसातला दिली. तुम्ही जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, आणि ऑन-रोडचा कागद पहिल्यांदा मागा, बोर्ड नंतर वाचा. सासूबाई मात्र अजून शेजारणीला सांगतात की आमच्या जावयानं गाडी माजी किंमतीत आणली.