पिसा डेटा एक्सप्लोरर: फुकट, कामाचा आणि घाई करणाऱ्याला हमखास फसवणारा

'फिनलंडमध्ये बघा' असं म्हणून सुरू होणाऱ्या शिक्षणधोरणाच्या चर्चेतला आकडा बहुतेक वेळा ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पिसा चाचणीतून आलेला असतो. 2000 सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांची गणित, वाचन आणि विज्ञानात घेतली जाणारी ही चाचणी. 2022 च्या फेरीत 81 देश आणि प्रदेश होते. या आकड्यांचे तक्ते स्वतः लावून बघण्याची सोय म्हणजे पिसा डेटा एक्सप्लोरर. पैसे पडत नाहीत. मोबाइलवर मात्र उघडू नका, तक्ते आडवे पसरतात.

काम चार टप्प्यांत होतं. विषय, वर्ष आणि देश निवडा, मग चल (म्हणजे ज्यानुसार मुलांचे गट पाडून बघायचे ती माहिती), मग तक्त्याची मांडणी ठरवा आणि शेवटी अहवाल तयार करा. दुसऱ्या टप्प्यावर लोक अडकतात, कारण विद्यार्थी आणि मुख्याध्यापकांच्या प्रश्नावल्यांतून आलेल्या चलांची यादी संपता संपत नाही. पहिल्यांदा एकच घ्या: कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती. पालकांचं शिक्षण, व्यवसाय आणि घरातल्या वस्तू यांवरून हा निर्देशांक काढतात.

उदाहरण म्हणून ऑस्ट्रिया आणि फिनलंड लावून बघा. 2022 मध्ये गणिताची सरासरी अनुक्रमे 487 आणि 484. ऑस्ट्रिया पुढे? सरासरीच्या शेजारचा प्रमाण त्रुटीचा, म्हणजे सरासरी किती इकडेतिकडे असू शकते हे सांगणारा रकाना वाचा, दोन्हीकडे तो साधारण 2 आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की फरकाची त्रुटी 3 च्या आसपास येते. फरक खरा मानायला तो याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे 6 तरी हवा. इथे तर तो तीनच आहे. क्रमवारीच्या बातम्या नेमका हाच रकाना गाळतात. 2022 मध्ये बेल्जियम, डेन्मार्क, ब्रिटन आणि पोलंड हे चौघेही 489 वर होते, आता त्यांच्यात नंबर काय लावणार?

गंमत पुढे आहे. ऑस्ट्रियात साधारण दहाव्या वर्षी मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, फिनलंडमध्ये सोळापर्यंत सगळ्यांची शाळा एकच. सरासरी जवळपास सारखीच, पण आर्थिक स्थितीत वरच्या 25 टक्के आणि खालच्या 25 टक्के मुलांच्या गुणांतलं अंतर ऑस्ट्रियात जास्त. धोरणाबद्दल बोलायचं तर ते या अंतरावरून बोला. तरी विभागणीचं वय हेच एकमेव कारण, असं हा तक्ता सिद्ध करत नाही, स्थलांतरित मुलांचं प्रमाणही दोन्हीकडे वेगळं आहे. मोठी उणीव ही की विभागणीच्या वयासारखे नियम या चलांच्या यादीत सापडत नाहीत. युरोपातल्या देशांसाठी ते युरिडिस या तिथल्या शिक्षणव्यवस्थांची माहिती देणाऱ्या जाळ्याच्या वर्णनांतून घ्यावे लागतात.

दुसरा खड्डा कोण मोजलं गेलं याचा. चाचणी शाळेत असलेल्या, सातवी किंवा त्यापुढच्या मुलांची होते. व्हिएतनामचे 469 गुण बघून हुरळण्याआधी हे लक्षात घ्या की त्या वयाच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांचंच प्रतिनिधित्व त्यात आहे. हा आकडा अहवालाच्या परिशिष्टात शोधावा लागतो, तक्त्यात तो समोर येत नाही. 2018 मधला 'चीन' म्हणजे तर बीजिंग, शांघाय, जिआंग्सू आणि झेजियांग एवढाच.

मूळ फाइल उतरवून घेणार असाल तर एक चूक टाळा. प्रत्येक मुलाला गणितात एक गुण नसतो, दहा संभाव्य मूल्यं, म्हणजे त्याच्या क्षमतेचे दहा अंदाज असतात. आधी त्या दहांची सरासरी काढून हिशोब केला की त्रुटी खोटी कमी दिसते. दहाही मूल्यांवर हिशोब वेगवेगळा करायचा आणि निकाल शेवटी एकत्र आणायचे, शिवाय त्रुटी काढण्यासाठी फाइलमध्ये दिलेले 80 पुनरावृत्ती-भार वापरायचे. आर या सांख्यिकीच्या संगणक भाषेतलं 'इंटस्वी' पॅकेज हे सगळं करून देतं. दोन फेऱ्यांची तुलना असेल तर त्यांच्या मोजपट्ट्या जुळवताना येणारी जोडणी-त्रुटीही मिळवायची.

देशांच्या यादीत महाराष्ट्र शोधू नका. भारतातून फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश 2009 च्या फेरीच्या विस्तारात उतरले होते. आपल्याकडच्या मुलांसाठी 2024 चं परख हे राष्ट्रीय सर्वेक्षण आहे, पण ते तिसरी, सहावी आणि नववीचं. त्याची मोजपट्टी निराळी, त्यामुळे ते आकडे पिसाच्या तक्त्याला चिकटवता येत नाहीत.