ऊस ट्रॉलीचा पावसाळा: पत्र्याचं शेड की ताडपत्री?

गाळप हंगाम संपला की लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडच्या ट्रॉल्या बांधावर उभ्या राहतात, त्या थेट दिवाळीपर्यंत. त्यांना शेड बरं की ताडपत्री?

शेड असेल तर प्रश्नच नाही. तिन्ही बाजू बंद नसल्या तरी चालतं. उलट वारा खेळला की ट्रॉलीचा पत्रा लवकर सुकतो. फक्त त्याच शेडात युरिया, डीएपीची पोती रचू नका. खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि शेजारच्या लोखंडाला गंज धरतो.

ताडपत्री स्वस्त, पण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ट्रॉली चारही बाजूंनी घट्ट आवळली की आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि उघड्यावरच्या ट्रॉलीपेक्षा लवकर गंजते. मधे आडवा बांबू टाकून ताडपत्रीला उतार द्या, खालची बाजू हातभर मोकळी सोडा. ट्रॉलीचा मागचा फाळका (झडप) उघडा ठेवा, पाणी साचणार नाही.

आपल्या काळ्या रानात तर आणखी एक काळजी घ्यावीच लागते. ही माती ओली झाली की फुगते, चिखल लवकर वाळत नाही, टायर त्यात रुततात. म्हणून ट्रॉली मुरमावर घ्या आणि एक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं अधांतरी करा. शेडमध्येही हे कराच.

झाकण्याआधी उसाचा चिकट रस, पाचट धुऊन काढा, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरा, रंग उडालेल्या जागी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा रंग) लावा. एवढं केलं, तर शेड नसलं तरी ताडपत्रीवर माझा भरवसा आहे.