जुन्या वाड्यातली थंडी: आधी फटी बुजवायच्या का हीटर घ्यायचा?

निफाडचा पारा पाच-सहावर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि इकडे नाशिकच्या पंचवटी, भद्रकालीतल्या जुन्या घरांतली माणसं हीटरचे भाव विचारत फिरतात. घेऊ नका असं नाही म्हणत, पण जुन्या घरात पहिला खर्च तो नसावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हीटरचा हिशोब बघा. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो, रोज ३ तास लावला तर महिन्याला १८० युनिट. ज्यांचं बिल एरवी १०० युनिटच्या आत असतं त्यांचे यातले बहुतेक युनिट वरच्या महाग स्लॅबमध्ये जातात, तिथेच खरा झटका बसतो. आणि दुकानदार ऑइलवाला (आत तेल भरलेला) हीटर कमी वीज खातो म्हणून गळ्यात मारतो, त्याला भुलू नका, तेवढ्याच वॅटचा ब्लोअर आणि ऑइलवाला उष्णता सारखीच देतात, फरक इतकाच की ऑइलवाला आवाज करत नाही आणि बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो. त्यात वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाड, दगडमातीच्या, त्या तापायलाच तासन्‌तास लागतात, मग तासभर हीटर लावून गरम होते ती फक्त हवा, आणि ती कौलाखालून निघून जाते. म्हणजे बिल आपलं आणि ऊब गल्लीला! शिवाय २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, जुन्या वायरिंगला ते झेपेलच असं नाही, साध्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शनवर तो अजिबात लावायचा नाही.

आता फटी. वारं नेमकं कुठून येतंय ते आधी शोधा, रात्री पंखा बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या चौकटीजवळून, खिडकीच्या कडांवरून सावकाश फिरवायची, धूर जिथे वाकडा होईल तिथे फट. बहुतेक वेळा उंबऱ्यापाशी, दाराच्या दोन फळ्यांच्या मधे आणि वळचणीत सापडते. चौकटीला चिकटवायची फोमची पट्टी हार्डवेअरवाल्याकडे शंभर-दोनशेच्या आत मिळते, पण ती वर्ष-दोन वर्षांत दबून जाते, रबराची थोडी महाग पण टिकते. दाराखाली ब्रशवाली पट्टी, नाहीतर जुन्या चादरीची गुंडाळी, दुसरीला शून्य खर्च. चौकट आणि भिंतीमधली भेग चुन्याने किंवा पुट्टीने भरून घ्या.

खरी ऊब जाते वरून. गरम हवा वर चढते आणि कौलाखाली नुसती पोकळी असते, तिथे पूर्वी जुन्या लुगड्यांचं छत बांधायचे, धूळ पडू नये म्हणून बांधायचे पण थंडीतही त्याचा उपयोग व्हायचा, ते आजही चालतं. पीव्हीसीचं सीलिंग दिसायला चांगलं, पण पैसे जास्त आणि वर उंदरांना मोकळं रान. भाड्याचं घर असेल तर कापडच बरं, जाताना काढून नेता येतं. खाली शहाबादी फरशी असेल तर सतरंजी टाकाच, पायातून चढणारी थंडी तिनेच थांबते.

हे सगळं करून पण पहाटे गारठत असाल तर खोली नाही, माणूस गरम करा. इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण १०० वॅटचं, रात्रभर ८ तास चाललं तरी एक युनिटही होत नाही. फक्त लहान बाळाला आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय त्यांना नको. संध्याकाळी बसायच्या जागी ४०० वॅटचा हॅलोजन हीटर समोर ठेवला तरी भागतं, तो हवेपेक्षा समोरच्या अंगाला जास्त तापवतो. गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी विजेत हीटरला सहज हरवतो, पण तो घ्यायचा तर उन्हाळ्यासाठी घ्या, नुसत्या दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी त्याचे पैसे निघत नाहीत.

राहिली कोळशाची शेगडी. सगळ्यात स्वस्त, पण अंगणातच. फटी बुजवलेल्या खोलीत तर नकोच नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतसुद्धा नाही. त्याच कारणाने ज्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे तिथली झरोक्याची जाळी कितीही वारं आलं तरी बंद करायची नाही, आणि स्वयंपाकघरातली पण थोडी उघडी राहू द्या.