चौदा महिने, ३,८५,००० रुपये आणि सीटबेल्टवरची मातकट रेघ: एका जुन्या गाडीचा वापरानंतरचा अनुभव

गाडीच्या डीलरशी झालेल्या तडजोडीच्या रकमेचा दुसरा आणि शेवटचा हप्ता परवा खात्यात जमा झाला, म्हणून हा अनुभव आता लिहायला बसलो आहे. त्याआधी लिहिला असता तर त्यात माहिती कमी आणि शिव्याच जास्त आल्या असत्या. गाडी २०१८ ची, पेट्रोलवरची लहान हॅचबॅक आहे आणि दर दुसऱ्या सोसायटीत तशी एक तरी उभी असते, त्यामुळे इंजिन किती सीसीचे आणि डिकी किती लिटरची हे सांगत बसत नाही. २०२४ च्या दसऱ्याच्या आठवड्यात पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून ती ३,८५,००० रुपयांना घेतली. सातारा-पुणे रस्त्यावर, खंबाटकीचा घाट धरूनसुद्धा, ती लिटरमागे १८ किलोमीटर देते. क्लच हलका आहे आणि एसी मे महिन्यातही कुरकुरत नाही. गाडीचे कौतुक एवढ्यावर संपले. पुढचा बराचसा मजकूर सीटबेल्टबद्दल आहे.

घेताना मी माझ्या परीने काळजी घेतली होती. ओळखीचा मेकॅनिक साताऱ्याहून सोबत नेला, त्याने इंजिन थंड असताना चालू करून पाहिले, खालून चासी पाहिली, कात्रजपर्यंत चालवून आणली आणि मान डोलावली. त्याच्या येण्याजाण्याचे आणि जेवणाचे १,५०० रुपये मला त्या दिवशी उगाच वाटले होते. नंबरप्लेटवर एमएच-०८ होते, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातली गाडी. पण जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले होते, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात आली नाही. मेव्हण्याच्या मात्र आली. त्याने आग्रह केला म्हणून टोकन देण्याआधी डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले, “गाडी अपघातातली किंवा पाण्यात गेलेली नाही ना?” उत्तर आले, “नाही सर, एकदम क्लीन, गॅरंटीने सांगतो.” या एका ओळीचे मोल मला पुढे नऊ महिन्यांनी कळले.

जानेवारीत एअरबॅगचा दिवा लागला आणि विझेना. डीलरने सहा महिन्यांची वॉरंटी दिली होती, ती फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सची निघाली. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग त्यातून वगळलेले होते. सीटखालचे पिवळे कनेक्टर साफ करून घेण्याचे ६,८०० रुपये मी स्वतः भरले आणि तेव्हा माझे मत असे झाले की चूक माझीच, वॉरंटीचा कागद नीट वाचायला हवा होता. हे मत पुढे मला पूर्ण बदलावे लागले.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. तिसऱ्या दिवशी गाडीत कुबट वास सुरू झाला, बंद पडलेल्या विहिरीचे झाकण उघडल्यावर येतो तसा. कापूर ठेवला, वर्तमानपत्रे अंथरली, कार्पेट उन्हात वाळवले, वास जाईना. मग मागच्या खिडक्या आपोआप खाली यायला लागल्या. इलेक्ट्रिशियनकडे नेली तेव्हा त्याने वायरिंगला हातही न लावता आधी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि हळूहळू शेवटपर्यंत ओढून काढला. रोजच्या वापरात जेवढा पट्टा बाहेर येतो तेवढा स्वच्छ, शांपूने धुतल्यासारखा काळा होता. त्यानंतरच्या, एरवी गुंडाळीतच राहणाऱ्या हातभर पट्ट्यावर विणीच्या आत बसलेली बारीक मातकट पूड होती आणि ती जिथे सुरू होत होती तिथे पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ होती. नखाने खरवडली तर बोटावर माती आली. चारही पट्ट्यांची तीच गत होती. मग सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिले, ते गंजलेले. स्टेपनीच्या खळग्यातले फेल्ट उचलले, त्याखाली वाळलेला गाळ. तो म्हणाला, “साहेब, ही फ्लडची गाडी आहे,” आणि चहा प्यायला गेला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदणी क्रमांकावरून गाडीचा इतिहास मागितला. आता मालक मी असल्याने छापील प्रत मिळाली. शेवटून दुसरी नोंद जुलै २०२१ ची होती: पाण्याने बाधित, दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार. त्यानंतर तिथे दुरुस्ती झालीच नव्हती. ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे जातो तेव्हा गाडी टोटल लॉस धरली जाते, मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा बहुधा लिलावात जातो. तो कोणीतरी घेतो, धुतो, वाळवतो आणि एखाद्या दसऱ्याला तो माझ्यासारख्याच्या दारात येतो.

डीलरकडे गेलो तेव्हा त्याने एकामागून एक तीन उत्तरे दिली, आणि तिन्ही उत्तरे परस्परांशी जुळत नव्हती. पहिले, वॉरंटीत हे बसत नाही. दुसरे, तुम्ही स्वतः मेकॅनिक आणला होता, त्याने पाहून घेतली. तिसरे, आम्ही विक्रेते नाहीच, आम्ही फक्त मध्यस्थ. गाडी मूळ मालकाने विकली.

तिसऱ्या उत्तराने माझी झोप उडाली, कारण त्यात तथ्य असते तर ग्राहक आयोगाचा दरवाजाच बंद झाला असता. ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याला लागू होतो. शेजाऱ्याने आपली गाडी विकली तर तो व्यापारी ठरत नाही, त्याच्याविरुद्ध करार कायदा आणि दिवाणी न्यायालय हाच मार्ग उरतो. माझ्या बाबतीत मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या आगाऊच घेऊन ठेवलेल्या होत्या आणि आरसी त्यांच्या नावावरून थेट माझ्या नावावर झाली. डीलर कागदावर कुठेच नव्हता. वास्तविक १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी अधिकृत प्रमाणपत्राची सोय आहे आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की नमुना २९-सी मधून आरटीओला तसे कळवायचे असते. तिथून पुढे ती डीलरच्या मालकीची मानली जाते. इथे यातले काहीच झाले नव्हते. मला वाचवले ते बँकेच्या उताऱ्याने, कारण संपूर्ण रक्कम डीलरच्या फर्मच्या खात्यात गेली होती, पावतीवर फर्मचा शिक्का होता आणि वॉरंटीचा तो निरुपयोगी वाटलेला कागदही फर्मच्याच नावाचा होता. मध्यस्थ आपल्या नावाची वॉरंटी देत नाही. ज्या कागदावर मी जानेवारीत चिडलो होतो, तोच जूनमध्ये कामाला आला.

दुसऱ्या उत्तराला कायद्यात खरोखर आधार आहे आणि तो माहीत असलेला बरा. वस्तुविक्री कायदा, १९३०, कलम १६ म्हणते की खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. म्हणजे टायर झिजलेले असतील किंवा दाराला पोचा असेल तर मेकॅनिक नेल्याचा तोटाच होतो. पण गुंडाळीत दडलेला हातभर पट्टा नेहमीच्या तपासणीत दिसतो का? माझे म्हणणे, नाही. डीलरच्या वकिलांचे म्हणणे, दिसायला हवा होता. (आता मी कोणाच्याही गाडीत बसलो की आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. नातेवाइकांनी यावरून टोमणे मारणेही आता सोडले आहे.)

या वादात मला सर्वांत उपयोगी पडला तो एक घोडा. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७ मध्ये लबाडीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणे दिली आहेत. लिलावात एकाने सदोष घोडा विकला आणि दोषाबद्दल चकार शब्द काढला नाही, तर ती लबाडी नव्हे. पण खरेदीदार म्हणाला, “तू नाही म्हटले नाहीस तर घोडा धडधाकट आहे असे मी धरीन,” आणि त्यावर विक्रेता गप्प बसला, तर ते मौन बोलल्यासारखेच. सगळा फरक विचारण्यात आहे. कलम १९ मध्ये आणखी एक पळवाट आहे की साध्या चौकशीने सत्य कळण्यासारखे असेल तर दुसऱ्याच्या मौनामुळे किंवा चुकीच्या निवेदनामुळे केलेला करार रद्द करता येत नाही. परंतु जाणूनबुजून केलेल्या उघड खोट्या विधानाला ती लागू होत नाही. माझा डीलर तर गप्पही बसला नव्हता. त्याने लेखी “एकदम क्लीन” म्हटले होते. मेव्हण्याला पुरणपोळीचे जेवण दिले.

डीलरला पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आले नाही, तेव्हा जुलैमध्ये ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य, हे वाचून झालेला आनंद लपवत नाही. पावतीच्या मागे “वाद पुणे न्यायकक्षेत” असे छापलेले होते, तरीही तक्रार साताऱ्यात केली, कारण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. दोन वर्षांची मुदत होती, तिची चिंता नव्हती. वकील दिला नाही. तो द्यावाच लागतो असे नाही. एक खर्च मात्र टाळला नाही: परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी अहवाल आणि फोटो, ४,५०० रुपये. नुसते माझे म्हणणे आणि तज्ज्ञाचा अहवाल यांच्या वजनात फार फरक पडतो.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात; त्यांचे उत्तर चाळिसाव्या दिवशी आले. नोव्हेंबरमध्ये प्रकरण दोघांच्या संमतीने मध्यस्थीकडे गेले. मी संपूर्ण किंमत व्याजासह परत मागितली होती, आणि तसा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तरीही १,२५,००० रुपयांवर, गाडी माझ्याकडेच ठेवून, मी सही केली. कायद्यात प्रयोगशाळेची तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलेली आहे. पण आयोगाच्या बोर्डावरची त्या दिवसाची यादी पाहिली, त्यानंतरच्या अपिलांचा हिशेब केला आणि हातातल्या पैशाला प्राधान्य दिले. काही मित्रांना ही माघार वाटते. त्यांनी गाडीवाचून दोन वर्षे साताऱ्याहून पुण्याला जाऊन पाहावे.

त्या रकमेतून चारही सीटबेल्ट, एअरबॅगचे मॉड्यूल, दारांचे वायरिंग आणि पूर्ण कार्पेट बदलले. एकूण १,०८,००० रुपये झाले. जानेवारीतले ६,८०० आणि सर्व्हेअरचे ४,५०० धरले तर माझ्या हिशेबात ५,७०० रुपये शिल्लक राहतात, ज्यात मेकॅनिकचे १,५०० मी मुद्दाम धरलेले नाहीत. गाडीला पाचपैकी तीन, डीलरला शून्य. जुना ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा गुंडाळून तडजोडीच्या कागदांसोबत फाइलमध्ये ठेवला आहे. वास सध्या नाही. पण पाऊस अजून सहा महिने लांब आहे, त्यामुळे त्याबद्दल जूनमध्येच लिहीन.