आगमनकाळाचे मेणबत्तीचक्र: चार रविवारांनंतरचा अभिप्राय

वसईतील एका धार्मिक वस्तूंच्या दुकानातून आम्ही आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याच्या आधीच्या आठवड्यांसाठी, हिरव्या डहाळ्यांचे चक्र आणि चार मेणबत्त्या असा संच साडेआठशे रुपयांना घेतला. नाताळापूर्वीच्या चार रविवारी दर वेळी एक मेणबत्ती जास्त पेटवायची असते. तीन जांभळ्या प्रायश्चित्ताच्या व प्रतीक्षेच्या, आणि एक गुलाबी, जी तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या रविवारी पेटवतात. या संचातील गुलाबी मेणबत्ती मात्र जवळजवळ लालच निघाली, आणि डहाळ्या प्लॅस्टिकच्या असल्याने ज्योतीवर सतत लक्ष ठेवावे लागले. मेणही फार ओघळते, त्यामुळे खाली पितळी ताट ठेवणे बरे. चक्राच्या मधोमध ठेवायची पाचवी, पांढरी मेणबत्ती, जी नाताळच्या आदल्या रात्री लावायची, ती वेगळी विकत घ्यावी लागली, हे दुकानदाराने आधी सांगायला हवे होते.

सोबतचे प्रार्थनापत्रक केवळ इंग्रजीत असल्यामुळे आम्ही ते बाजूला ठेवून दर रविवारी संध्याकाळी मराठी बायबलमधून यशया आणि लूक यांतील उतारे वाचले. चौथ्या रविवारी पहिली मेणबत्ती जेमतेम दोन बोटे उरली होती आणि चौथी पूर्ण उंचीची होती. करंज्या, कंदील व नव्या कपड्यांच्या धांदलीत आपण कोणाची वाट पाहत आहोत, हे त्या उतरत्या रांगेकडे पाहताना घरातल्या मुलांनाही समजले. उतारशाळेत जागा न मिळाल्याने गव्हाणीत निजवलेल्या बाळ येशूचा वृत्तान्त त्या उजेडात वाचताना त्यांनी एकदाही मोबाईलला हात लावला नाही. पुढच्या वर्षी चक्र हेच वापरू, मेणबत्त्या मात्र दुसरीकडून आणू.